दोनशे सतराला जोडून द्याल?

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे ताईंनी, बावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. जिन्याखालची खोली, कानाला हेडफोन आणि दिवसभर माणसांचे आवाज. कोण घाबरलाय, कोण थापा मारतोय, कोण डॉक्टरांचा मेहुणा असल्याचं सांगून घुसू पाहतोय, हे त्यांना नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं.

मग हॉस्पिटलने यंत्र बसवलं. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. एक्कावन्नाव्या वर्षी ताई घरी बसल्या.

बसल्या कसल्या! रोज नऊच्या ठोक्याला इस्त्रीचे कपडे घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडायच्या आणि अर्ज पाठवायच्या. आठ महिन्यांत चाळीसेक अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत झाली, तर साहेबाने विचारलं, “काकू, कॉम्प्युटर जमेल ना?” त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत.

अशात एका बुधवारी ईमेल आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नावाजलेल्या हॉस्पिटलात स्वागतकक्षाच्या प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली होती. पगार जुन्याच्या दुप्पट. वर हॉस्पिटलचं चिन्ह, खाली अधिकाऱ्याची सही. माझ्या मोठ्या दिरांनी तो दोनदा मोठ्याने वाचला.

“बघ, अनुभवाला किंमत असतेच!”

मी चहा टाकला. ताई मात्र स्क्रीनवरची ओळ न् ओळ पुन्हा वाचत होत्या.

“काय झालं, ताई?”

“माझी मुलाखत कुठे झाली गं?”

“अर्ज तर केला होतात ना?”

“केला होता, एका वेबसाइटवरची जाहिरात बघून. पण न बघता, न बोलता एकदम प्रमुख?” त्यांनी बोट स्क्रीनवर टेकवलं. “आणि हे बघ. गणवेश आणि प्रशिक्षणाची अनामत आज पाचच्या आत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला. पगार देणारेच माझ्याकडे पैसे मागतात? ईमेलचा पत्ताही हॉस्पिटलचा नाही. कुणालाही फुकट काढता येतो, तसला आहे.”

दीर वैतागले. “तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. चालून आलेली संधी घालवशील.”

“ही नोकरी सगळ्यात जास्त मलाच हवीय,” ताई म्हणाल्या. “म्हणूनच विचारतेय.”

सहीखाली एक मोबाईल नंबर होता आणि ‘एक्स्टेन्शन २१७’ असं लिहिलं होतं. ताईंनी मोबाईल लावलाच नाही. हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून मुख्य नंबर शोधला, ताठ बसल्या आणि स्पीकर चालू केला.

“नमस्कार, बोला,” पलीकडे एक बाई होत्या.

“नोकरभरतीचं विचारायचं होतं. दोनशे सतराला जोडून द्याल?”

“दोनशे सतरा? तो आमच्या धुलाईखान्याचा नंबर आहे. जोडू का? चादरी मोजतायत.”

मला हसू फुटलं. दिरांनी चहाचा कप खाली ठेवला.

ताईंनी ईमेल वाचून दाखवला. पलीकडचा आवाज एकदम खाली आला. “गेल्या आठवड्यात तिघं अशीच पत्रं घेऊन आली. एक मुलगी तर गावाहून बॅग घेऊन, पैसे भरून, कामावर रुजू व्हायला. तिला मीच सांगितलं. तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.”

ताईंनी विचारलं, “बोर्डावर किती वर्षं झाली?”

“अठरा.”

“मी बावीस काढली. आता आपण दोघी मिळून हे तडीस नेऊ.”

आणि नेलं. ताईंनी सायबर पोलिसांत तक्रार दिली. जाहिरात जिथे झळकली होती त्या वेबसाइटला कळवलं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना ईमेलच्या प्रतीसह पत्र लिहिलं. उत्तर येईना, तशा रोज सकाळी दहाला फोन करू लागल्या, आणि बोर्डावरच्या बाई तो थेट व्यवस्थापकांना जोडून देऊ लागल्या. नवव्या दिवशी हॉस्पिटलच्या वेबसाइटवर ठळक सूचना आली: आम्ही मुलाखतीशिवाय कुणाची निवड करत नाही, उमेदवाराकडून कसलेही पैसे घेत नाही. ती खोटी जाहिरातही त्या दुसऱ्या वेबसाइटवरून काढली गेली. भामटे काही सापडले नाहीत, हेही सांगायला हवं.

“चुकलो मी,” दीर म्हणाले. आता ते भेटेल त्याला हा किस्सा ऐकवतात, आणि धुलाईखान्यापाशी आले की स्वतःच आधी हसतात.

तीन महिन्यांनी ताईंना डोळ्यांच्या एका दवाखान्यात काम मिळालं. पगार पूर्वीपेक्षा कमी, पण दोनदा समोर बसवून मुलाखत घेतली आणि नियुक्तीपत्र हातात दिलं. ताईंनी ते तिथेच खुर्चीत बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मगच सही केली.

परवा जेवायला बसलो असताना त्यांचा फोन वाजला. ती बॅग घेऊन आलेली मुलगी होती. बोर्डावरच्या बाईंनी तिला ताईंचा नंबर दिला होता. तिला दुसरीकडे नोकरी लागत होती, पण सही करायचा धीर होत नव्हता.

“पैसे मागितले?” ताईंनी विचारलं. “नाही ना? बरं. प्रत्यक्ष भेटले कोण? ऑफिस बघितलंस? त्यांच्या मुख्य नंबरावर फोन करून खात्री केलीस?” मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. “अगं, सगळं तर तूच तपासलंयस! जा बिनधास्त.”

फोन ठेवून त्यांनी ताट पुढे ओढलं. “हुशार आहे पोरगी,” म्हणाल्या आणि जेवायला लागल्या. मी आणि दीर मात्र त्यांच्याकडेच बघत होतो.