मोरेबाईंचा रणगाडा

मोरेबाईंना कोणतीही वस्तू दिसली की त्या आधी तिचा जोड शोधायच्या. लोखंडी कपाट असो, पत्र्याची ट्रंक असो, नाहीतर पोलादपूरच्या स्टँडवर उभी असलेली एसटी. दोन पत्रे जिथे मिळतात तिथे त्यांचं बोट जाऊन थांबायचं. "बघा, इथं कारागिराचा हात घाईत होता," असं म्हणायच्या. हे वेड नवऱ्याकडून आलेलं. यशवंतराव मोरे सैन्यात वेल्डर होते. बिघडलेले रणगाडे दुरुस्त करणं हे त्यांचं काम.

मी पोलादपूरच्या शाळेत नव्याने रुजू झाले तेव्हा चौथी बाईंकडे होती, शेजारची तिसरी माझ्याकडे आली. बौद्धवाडीत त्यांच्या घरालगतच मी खोली घेतली. वर्गात बाईंची भाषा पुस्तकासारखी. पण मनात धास्ती शिरली की त्या थेट पाचाडच्या माहेरची बोली बोलू लागत. 'नाय' आणि 'हाय' कानावर पडलं की मी समजायचे, बाई घाबरल्या आहेत.

त्या उन्हाळ्यात यशवंतराव सुट्टीवर आले होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी दोघांनी मिळून पुठ्ठ्याचा हातभर लांब रणगाडा केला. चाकांना दोऱ्याची रिकामी रिळं, तोफेला बोरूची नळी, वर हिरवा रंग. बाईंनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर मिठाईचा खोका दिसतो."

यशवंतराव हसले. "जोड कुठं दिसतायत? खरा रणगाडा काय एका पत्र्याचा नसतो. जाड जाड पत्रे जोडलेले असतात. आणि जोड सपाट नसतो, ओल्या मातीत गांडूळ पसरावं तसा फुगलेला असतो, वळ्यावळ्यांचा."

बाईंनी गोधडीचा जाड दोरा डिंकात भिजवला, पुठ्ठ्याच्या कडेकडेने चिकटवला आणि ओला असतानाच टाकाच्या निबेने त्यावर जवळजवळ वळ्या दाबल्या. वरून रंग दिला, उंचवट्यावर शिसपेन्सिलीची पूड चोळली. खोक्याचं एकदम लोखंड झालं. यशवंतरावांनी जवळ नेऊन पाहिलं, आणि कौतुकाच्या भरात एक वाक्य बोलून गेले: "गोळा लागला ना, की पत्रा एकवेळ टिकतो, जोड उसवतो. मग आतल्यांचं काय खरं नाय."

सुट्टी संपून ते गेले. ते वाक्य मात्र बाईंच्या घरात राहिलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. मुख्याध्यापकांचा रेडिओ व्हरांड्यात लागायचा, सगळे शिक्षक भोवती जमायचे. बाई तेवढ्या लांब उभ्या राहायच्या, पदराचं टोक दातात धरून. यशवंतराव कोणत्या आघाडीवर आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी पोस्टमनला एकदा अडवून सांगितलं, "दुसऱ्या कुणाची तार असली तरी शाळेपुढून जाऊ नका." तो भला माणूस मागच्या वाटेने जाऊ लागला. त्याने बाईंची भीती दुप्पट झाली. तो दिसत नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असं त्यांना वाटायचं.

शाळा सुटली की त्या रणगाडा पुढ्यात घ्यायच्या. चांगला चिकटलेला दोरा ओढून काढायच्या, नवा लावायच्या, पुन्हा वळ्या दाबायच्या. निबेने बोटं सोलली होती. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, झालाय तो. आता पुरे."

"आमच्यात नवस नाय बोलत, बाई," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "देवाला कोंडून धरायची सोय नाय. मग हातांनी काय करू?"

पुढच्या पत्र्याचा जोड मात्र त्या पुरा करत नसत. टोकाशी येऊन थांबत. का, ते विचारलं तर कुजबुजल्या, "पुरा केला आनि त्याच टायमाला तार आली तर?" मला हसू यायला हवं होतं. मी डिंकाची वाटी लांब सरकवली.

लढाई जिंकली. गावात साखर वाटली, मिरवणूक निघाली. मुख्याध्यापकांनी बैलगाडीवर ठेवायला रणगाडा मागितला. बाई तो उराशी धरून म्हणाल्या, "नाय देनार, गुरुजी. यातला मानूस अजून घरी आलेला नाय." मुख्याध्यापक रणगाड्याविनाच परत गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, सैन्याच्या गणवेशातला एक जवान शाळेच्या आवारात शिरला. बाईंनी त्याला खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या क्षणी चौथीच्या वर्गाचं दार धाडकन लागलं, कडी बसली, आणि आतून बाईंचा चिरका आवाज आला, "पाढे म्हणा! मोठ्यानं! अजून मोठ्यानं!"

मी बाहेर धावले. तो कुडपण गावचा होता, यशवंतरावांच्या ओळखीचा, सुट्टीवर घरी निघालेला. दारावर थापा मारत ओरडत होता, "वैनी, ऐका तरी! यशवंता जिता हाय!" आत मुलं बेंबीच्या देठापासून तेराचा पाढा म्हणत होती. ऐकू येऊ नये म्हणूनच तो पाढा होता. मी खिडकीशी गेले. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या, दोन्ही कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले. मी गजांतून हात घालून पुढच्या बाकावरच्या पोरीला म्हटलं, "जा, बाईंना सांग, काका जिवंत आहेत." पोरीने बाईंचा हात कानावरून ओढून काढला आणि तेच सांगितलं.

पाढा विस्कटत थांबला. बाईंनी कडी काढली. जवान म्हणाला, "जिता हाय, वैनी. पन हात भाजलेत."

यशवंतराव आले ते थंडी सरताना. बोटं एकमेकांना चिकटलेली, पेलासुद्धा धरता येत नव्हता. ते काही बोलत नसत. झोपेत दचकून ओरडत, आणि बाई भिंतीशी बसून राहत. "मानूस आला, पन कुठं हाय ते कळत नाय," असं मला म्हणाल्या.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. यशवंतरावांनी स्वतःहून रणगाडा पुढे ओढायला सांगितलं. पुढच्या जोडाकडे हाताने खूण करून म्हणाले, "हा उसव."

बाईंनी रणगाडा मागे ओढला. "नको ना."

"माझ्या हातानं होत नाय. तू उसव. मी सांगतो तसा."

बाईंनी निब घेतली. मी पुठ्ठा धरला. ते सांगत गेले: इथून फाटला, इथे पत्रा आत वळला, ही कड काळी पडली. बाई तसं करत गेल्या. शेवटी यशवंतराव म्हणाले, "याच्या आत दोघं होते. झाकन घट्ट बसलं होतं, उघडेना. मी गॅसनं कापत होतो, तेवढ्यात तेल पेटलं. एकाचा आवाज येत होता." मग ते मोठ्याने रडू लागले. आल्यापासून पहिल्यांदाच. बाईंनी त्यांचे ते हात आपल्या मांडीवर घेतले.

जूनमध्ये बाईंनी बदली मागून घेतली, पाचाडच्या बाजूला. पोलादपूरच्या स्टँडवर मी महाडच्या गाडीपर्यंत पोचवायला गेले. यशवंतराव खिडकीशी, शेजारी बाई, मांडीवर साडीत गुंडाळलेला तो फाटका रणगाडा. गाडी सुरू झाली तेव्हा मी विचारलं, "आता भीती गेली ना, बाई?"

"नाय गो," खिडकीतून वाकून त्या म्हणाल्या. "हाय तशीच हाय. पन आता दोघं मिळून भितो."