खिडकीजवळचं स्टूल

"आधी उजेडात ये गो," असं म्हणत पेणच्या आमच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक पेशंटला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवत.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या शाळेत शिकवत होते. वर्षातून एकदा डॉक्टरीणबाई शाळेत मुलींना तपासायला येत. मुरुमांनी रडवेली झालेली मुलगी दिसली की म्हणत, "वयच आहे ते. फोडू नको, टूथपेस्ट फासू नको. दुखरी गाठ आली, व्रण राहायला लागले, तर मात्र ये." मुली फिदीफिदी हसत, पण ऐकत.

एका दिवाळीनंतर आठवीतली एक मुलगी शाळेत आलीच नाही. आईबाप खाडीकाठच्या मिठागरात कामाला. मी तिच्या घरी गेले, तर आई दारातच रडू लागली. पहिल्या आंघोळीला तेल चोळताना आत्याला पोरीच्या कमरेवर तांबूस रेघा दिसल्या होत्या. "बालंतिणीला असतात तशा," असं आत्या बोलली आणि पोरीची शाळा बंद झाली. स्थळं बघणं सुरू झालं होतं.

मी मुलीला आणि तिच्या आईबापांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी मुलीला आधी एकटीला पडद्यामागे नेलं. बाहेर आल्या त्या तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"काही झालेलं नाही. पोर भराभर वाढली, कातडी ताणली, रेघा उठल्या. पुढे फिक्या होतील."

कोणाचाच विश्वास बसेना. बाई उंचापुऱ्या बापाकडे वळल्या. "दादा, उजेडात या. शर्ट वर करा."

त्याच्याही पाठीवर, कमरेपाशी, आडव्या, पांढुरक्या रेघा.

"या कधीपासून?"

"मना काय म्हायत? माझी पाठ मना दिसते काय?"

आई हळूच म्हणाली, "लगीन झालं तवापासून हायत."

"मग यांना कितवा महिना?"

आईने पदरात तोंड लपवलं. मुलगी कितीतरी दिवसांनी हसली.

जाताना बाईंनी बजावलं, "दुकानातलं मलम लावायचं नाही. अंग एकाएकी सुटलं, रेघा रुंद, जांभळ्या व्हायला लागल्या, तर लगेच आणा."

मी मागे थांबून विचारलं, "बापाच्या पाठीवर नसत्या तर?"

"तुम्ही होतात की. तुम्हीही उंचच आहात."

मुलगी सोमवारी वर्गात हजर होती. तेव्हापासून दर शिमग्याला बाप नव्या मिठाची पिशवी दवाखान्यात पोचवायचा.

तिच्या दहावीच्या वर्षी तो पिशवी घेऊन शाळेत आला. डॉक्टरीणबाई पेण सोडून लेकीकडे राहायला गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

"दवाखाना बंद हाय, बाई," पिशवी माझ्या टेबलावर ठेवत तो म्हणाला. "खिडकीपन लावलेली."