मरणातून उठलेली कोंबडी

झुंबरबाईला आमच्या केदारखेड्यात कुणी वाईट म्हणत नव्हतं. फक्त कुणी बोलावत नव्हतं. बारशाला नाही, हळदीला नाही, डोहाळजेवणाला तर नाहीच नाही. तिची दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली, पाठोपाठ नवरा भिवाही गेला, आणि गावानं तिच्या पायांकडे बोट दाखवून विषय मिटवला. पांढऱ्या पायाची. आमच्या गावानं एकदा कुणाला नाव ठेवलं की ते बरोबर होतं का, हे पुन्हा बघायची पद्धत नाही.

मी तेव्हा त्या गल्लीत नवी सून होऊन आले होते. आमच्या आणि तिच्या अंगणात तुराट्यांचं कूड, एवढाच काय तो आडोसा. माझी सासू दुर्गाबाई कुडावरून रोज तिची चौकशी करायची, "काय झुंबरे, बरी हायेस ना?" आणि तोंडानं हे विचारता विचारता हातानं मांडीवरच्या नातवाला, माझ्या जावेच्या पोराला, पदराखाली घ्यायची. झुंबरबाई दोन्ही बघायची आणि म्हणायची, "बरी हाये." मला त्या पदराचा फार राग यायचा, पण नव्या सुनेच्या रागाला कोण विचारतो?

साधारण ब्याण्णव सालची गोष्ट असेल. एका सरकारी योजनेतून गावात संकरित पिल्लं वाटली गेली. अंगानं थोराड, वाढायला झटपट. त्यांचे कोंबडे गावठी कोंबड्यांत मिसळले आणि घरोघर मिश्र पिलावळ झाली, तांबडी, कबरी, पायावर पिसं असलेली. अंडी भरपूर. पण ह्या कोंबड्यांना एक खोड होती. अंडं घालायचं आणि उठून चालू लागायचं. खुडूक म्हणून व्हायच्या नाहीत. अंड्यांवर बसणारंच कुणी नाही म्हटल्यावर पिल्लं निघणार कुठून? बायका अंडी ज्वारीच्या डब्यात खुपसून हात चोळत बसल्या.

झुंबरबाईकडे एक काळी गावठी कोंबडी होती. नाव शहाणी. तिच्या पोटाखाली दगड ठेवला असता तरी तिनं त्याला ऊब दिली असती. दोन घरं पलीकडची नंदाबाई पहिल्यांदा तिच्या दारात गेली. "झुंबरमाय, तुझी शहाणी देती का बसवायला? निघतील त्यातली निम्मी पिल्लं तुझी." अशी निम्म्या वाट्यानं कोंबडी द्यायची रीत आमच्याकडे जुनीच. पण झुंबरबाईच्या दारात काही मागायला कुणी यावं, हे नवीन होतं.

ती स्वतः कोंबडी काखेत घेऊन गेली. टोपलीत भुसा पसरला, अंडी मांडली, कोंबडी बसवली, वर डालगं झाकलं. मग रोज जायची. शहाणीला उठवून दाणापाणी करायची, अंडी उलटीपालटी करायची. असंच एकदा नंदाबाईची तान्ही पोर झोळीत रडायला लागली आणि नंदाबाईचे हात पिठात. "झुंबरमाय, घे ना तिला जरा." झुंबरबाईनं आधी मागं वळून बघितलं, आपल्या पाठीमागं दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. मग तिनं पोर घेतली. हे मला नंदाबाईनंच हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून झुंबरबाईचं दार उघडं राहायला लागलं. आज हिच्याकडे शहाणी, उद्या तिच्याकडे. माझ्या सासूनंही शेवटी नाक मुठीत धरून कोंबडी मागितली. पुढं एका बारशाचं बोलावणंही आलं. झुंबरबाई पेटीतलं लुगडं नेसून गेली, उंबऱ्याजवळ बसली, घुगऱ्या ओटीत घेऊन आली आणि त्या घुगऱ्या तिनं चार दिवस पुरवून खाल्ल्या. नंदाबाईची पोर तर तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. रांगत रांगत तिच्या अंगणात यायची आणि पिल्लांच्या मागं लागायची.

दोन वर्षांनी कोंबड्यांवर रोग आला. तुरे पांढरेफटक, पिवळी हिरवी हगवण, पंख गाळून एका जागी बसायचं आणि सकाळी लाकूड होऊन पडायचं. झुंबरबाईचं अंगण रिकामं झालं. शहाणीही डोळे मिटून बसली. झुंबरबाईनं लसूण ठेचून तिच्या चोचीत घातला, हळदीचं पाणी पाजलं, चुलीजवळ गोणपाटात ठेवलं. आणि एके दिवशी ती कोंबडी उठली, अंग झाडलं आणि पाणी प्यायला गेली.

मग काय विचारता! सगळ्या गल्लीत तिचंच नाव. "मरणातून उठलेली कोंबडी हाये ती," माझी सासू सांगत सुटली. "तिच्या पखाखालचं पिल्लू आता मरत असतंय व्हय?" प्रत्येकाला हे पटलं. पूर्वी चार घरं शहाणी न्यायची, आता सगळी गल्ली रांगेत. झुंबरबाईची मान तेव्हा जशी ताठ झाली, तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही.

पण पिल्लं मरायला लागली. निघायची चांगली, आणि आठवडा व्हायच्या आत एकेक गळायचं. ढुंगणाला पांढरी विष्ठा चिकटलेली. शी करताना कळवळून ओरडायची बिचारी, ऐकवत नव्हतं. ज्याच्या त्याच्याकडे त्याचं त्याचं कारण होतं. नंदाबाई म्हणाली आभाळ आलं होतं. आमच्याकडे कण्यांना बुरशी आली होती. कुणी दृष्ट काढली. माझी सासू म्हणाली, "सरकारी रगत, नाजूकच असतंय." शहाणीवर कुणाचाच संशय नाही. मरणातून उठलेल्या जिवावर संशय कोण घेईल? दरवेळी दोनचार पिल्लं जगायची, मोठी व्हायची, अंडी द्यायची. ती अंडी पुन्हा शहाणीखाली जायची. झुंबरबाई बोलावतील त्या घरी जाऊन कोमट पाण्यानं एकेक पिल्लू धुवायची, पदरानं टिपायची.

एकदा मच्छिंद्र आमची गाय बघायला आला होता. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, कमी बोलणारा माणूस. नंदाबाईची पिल्लं त्याच दिवशी मरत होती, म्हणून मी त्याला तिकडे नेलं. त्यानं मेलेलं पिल्लू चिरलं. काळजावर पांढरे ठिपके. त्यानं डालग्याकडं बघून विचारलं, "कोंबडी कुणाची?"

"माझी," पिल्लं धूत बसलेली झुंबरबाई पुढं आली. कौतुकानंच आली.

"कधी आजारी पडल्ती?"

"पडल्ती की. समद्या मेल्या, ही एकटी उठली."

मच्छिंद्रनं चाकू पुसून ठेवला. मग म्हणाला, "बाई, रोग तिच्या अंगातून गेलाच न्हाई. तिला आता काही होत न्हाई, पिल्लांना देऊन राह्यली. मारून टाका. खाऊ नका, चुना टाकून पुरा. आन तिच्याखाली निघालेल्या ज्या कोंबड्या जगल्या, त्या बी ठेवायच्या न्हाईत. त्यांच्या अंड्यातूनच रोग उतरतो. जल्दी करा."

नंदाबाई तेव्हा पाणी आणायला आत गेली होती. ऐकलं ते आम्ही दोघींनीच.

संध्याकाळी मी कुडापाशी गेले. झुंबरबाई शहाणीला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हणाले, "मावशी, गपचूप मारा. सांगा, कुत्र्यानं नेली. कुणाला काय कळतंय?"

"आन तिच्या पोरी?" ती म्हणाली. "घरोघर हायेत. त्या तशाच राहिल्या तर पुन्हा हेच."

"पण लोक तुम्हालाच बोलतील."

"बोलतील." ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माझ्या दारातून मरण गेलं म्हणतील. आजवर खोटं म्हणत व्हते, पोरी. आता ते खरं झालं. मंग मी सांगू नये व्हय?"

 ती उठून आत गेली. कोंबडी कापायला ती नेहमी दुसऱ्याला बोलवायची. त्या दिवशी तिनं कुणालाच बोलावलं नाही. थोड्या वेळानं खड्डा खणल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता घरोघर गेली. पहिलं आमचं घर. सगळं सांगितलं, जसंच्या तसं. माझ्या सासूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते समदं बराबर. पण कोंबडीत रोग आल्ता कुठून?" आणि तिची नजर झुंबरबाईच्या पायांवर गेली. झुंबरबाई पुढच्या घरी पोचायच्या आत तो प्रश्न तिथं जाऊन बसला होता.

नंदाबाईच्या दारात तर पोर धावत आली आणि तिच्या गुडघ्यांना बिलगली. नंदाबाईनं तिला हळूच ओढून घेतलं. "चल, तुला न्हाऊ घालायचंय." भर दुपार होती. पोरीचे केस विंचरलेले, डोळ्यांत ताजं काजळ. झुंबरबाई जे सांगायला आली होती ते सांगून परत फिरली.

गावानं तिचं ऐकलं मात्र. काहींनी कोंबड्या पुरल्या. काही शहाण्यांनी भोकरदनच्या बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारल्या, माझी सासू त्यांत एक. अंगणं खरवडली, चुना मारला, मच्छिंद्रच्या ओळखीनं निरोगी पिल्लं आणली, अंड्यांवर बसायला परगावच्या गावठी कोंबड्या आणल्या. वर्षभरात केदारखेड्यात पाय ठेवायला जागा नाही एवढ्या कोंबड्या झाल्या. पिल्लं मरायची थांबली. आणि ती का थांबली, ह्याचं कारण गावानं शोधून काढलं: झुंबरबाईचा हात लागायचा थांबला म्हणून. मला तेव्हा आमच्या घरातल्या पाट्यावर डोकं आपटावंसं वाटायचं. कुणाचं ते विचारू नका.

बोलावणी बंद झाली. झुंबरबाईनं पुन्हा कोंबडी पाळली नाही.

पण कोंबड्यांना गावाचे नियम कोण सांगणार? तिचं अंगण मोकळं, उकरायला बरं, म्हणून नंदाबाईच्या कोंबड्या रोज तिथंच जायच्या. एका संध्याकाळी मी कुडाजवळ वाळवण गोळा करत होते. नंदाबाईची पोर कोंबड्या हाकायला पळत आली. आता चांगली पाच वर्षांची होती. मागून दारातून नंदाबाई ओरडली, "आत पाय टाकू न्हको गं!" पोर फाटकाशी थबकली. एक पाय उचललेला, तसाच.

झुंबरबाई ओट्यावरून उठली. वाटलं, आत निघून जाईल.

"थांब बाळा, तिथंच थांब," ती म्हणाली. "मीच हाकून देते." आणि ती वाकून, कोंबड्यांना हात न लावता, पदरानं एकेक कोंबडी फाटकाबाहेर काढत राहिली.