वहिनींनी धुवून टाकलेल्या पेशी

स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या वहिनी कुणाला ऐकत नाहीत. मी चहाचा कप खाली ठेवला रे ठेवला की तो विसळलेला असतो. कधी कधी तळाचा चहाही त्यातच जातो.

त्या प्रयोगशाळेत काम करतात. डिशमध्ये कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर गुंगीचं औषध घालायचं. ऑपरेशनआधी माणसाला झोपवणारं हे औषध कॅन्सरच्या पेशी मारतं का, एवढाच प्रश्न. पण त्याने घर वेठीला धरलं होतं, कारण उत्तर 'हो' आलं नाही तर त्यांचे मार्गदर्शक सर काम बंद करणार होते, आणि वहिनींची पीएचडी त्याच कामाला लटकलेली.

उत्तर काही 'हो' येईना. औषध घातलं की डिशमधल्या पेशी कमी व्हायच्या, पण मेलेली एक सापडेल तर शपथ!

"वाढ मंदावली असेल," सर म्हणाले. "झोपल्या असतील. झोपेचंच औषध आहे." आणि स्वतःच हसले.

वहिनी घरी येऊन भांडी आपटायच्या.

"वहिनी, एखादी तरी मारा हो," मी म्हणायचो. "दादा घाबरलाय, आपला नंबर लागतो की काय म्हणून."

"भाऊजी, तुमचा आधी लागेल."

मोजणीआधी त्या डिश स्वच्छ धुवायच्या. एक दिवस धुवायचं द्रावणच संपलं. नवं तयार होईपर्यंत करायचं काय, म्हणून त्यांनी न धुतलेली डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली. वर कचरा तरंगत होता. नीट पाहिलं, तर आक्रसलेल्या, तुकडे तुकडे झालेल्या पेशी!

जिवंत पेशी तळाला चिकटून बसते. औषधाने तिच्या आतली ऊर्जेची भट्टी फुटते, तिथून गळलेल्या द्रव्याने पेशीतलीच कात्रीसारखी प्रथिनं जागी होतात आणि पेशी स्वतःलाच कापत सुटते. मग तळ सोडून वर तरंगते. वहिनी या तरंगणाऱ्या ओतून द्यायच्या आणि चिकटून राहिलेल्यांना विचारायच्या, कुणी मेलंय का?

न धुता पुन्हा मोजलं. मेलेल्याच मेलेल्या. वहिनी धावत सरांकडे गेल्या.

सर म्हणाले, "छान. आता औषध ज्यात मिसळलंय ते नुसतं तेल घालून बघ. तेलानेच मेल्या असतील तर? आणि जुनं सगळं बाद. पहिल्यापासून कर."

"म्हणजे काम बंद नाही ना?"

"पुन्हा कर म्हणतोय ना?"

घरी दादा हरखला. "अगं, मग ही आनंदाचीच बातमी की!"

"आनंदाची?" वहिनी कडाडल्या. "वर्षभर मीच माझ्या हाताने पुरावे ओतून दिले, आणि पेढे वाटू?"

दादा पेपरात शिरला. वहिनी खुर्चीत बसून राहिल्या. माझा कप टेबलावर तसाच होता. बराच वेळ वाट पाहिली, मग निमूटपणे मीच विसळला.