रांगेतली चप्पल

परवान्याच्या कचेरीबाहेर रांगेत माझ्यापुढे माणूस नव्हता, नुसती चप्पल होती. आखातात राहायचा परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो, त्याचीच ही रांग. मी दौंडचा, त्यामुळे चप्पल बघून लगेच ओळखलं की हा आपल्याच भागातला. रेशनच्या दुकानापुढे आम्ही असाच नंबर लावतो.

चपलेचा मालक भिंतीच्या सावलीत गुडघे चोळत बसला होता. शिरूरकडच्या निमोण्याचा, वीस वर्षं इथं ड्रायव्हर. त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती.

"मामा, इथं असं चालत नाही," मी म्हणालो.

"सरकवा की जरा पायानं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "दर दोन वर्साला इचारायचं, ऱ्हाऊ का म्हणून. गावाकडं चपलेलाबी कुणी इचारत न्हाई, हितं का म्हणून."

पहारेकरी डोळे वटारून बघत होता, तरी रांग हलली की मी चप्पल पुढे सरकवत राहिलो. खिडकी आली तेव्हा तो उठला, चप्पल पायात घातली आणि कागद आत दिले.

पुढच्या खेपेला माझेही पाय भरून आले. एक बूट रांगेत ठेवून मी त्याच भिंतीला टेकलो. लोक बुटाला वळसा घालून पुढे गेले. बूट होता तिथेच राहिला.