खाजेचं नाव काढायचं नाही

आमच्या वडगावात माणसाला ताप आला तर लोक डॉक्टरचा पत्ता सांगतात. खाज सुटली की मात्र जो तो स्वतःच डॉक्टर होतो. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, नडग्यांवर आणि मनगटांवर इसब आहे. गेल्या बारा वर्षांत तिला औषध सुचवलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. कुणी करंजाचं तेल सांगितलं, कुणी करवंटी जाळून काढलेलं काळं तेल, कुणी गोमूत्र. एका बाईंनी तर "वांगं पहिलं बंद कर" असं बजावून सांगितलं, आणि जाताना भरल्या वांग्यांचा डबा ठेवून गेल्या.

या सगळ्यांची टिंगल करणं हा मी माझा हक्क समजायचो. घरात दोन माग आहेत, पण मी स्वतः कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तीस वर्षं तिथल्या बाटल्या धुतल्यावर शास्त्र आपल्याच घरचं आहे असं माणसाला वाटू लागतं. आक्कानं लग्न केलं नाही. ती मागासाठी कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. तिनं भरलेली कांडी शेवटच्या वेढ्यापर्यंत सुटत नाही की तुटत नाही. घरात तिचा जो मान होता तो त्या कांडी मशीनवरच्या जागेमुळे होता.

गेल्या वर्षी खडेबाजारातल्या व्यापाऱ्यानं एक मोतिया रंगाची साडी परत पाठवली. पदराजवळ गंजासारखे बारीक डाग होते. ते रक्ताचे होते. आक्का खाजवून खाजवून मनगट सोलायची आणि तेच सुताला लागायचं. मी म्हटलं, "आक्का, आता कांड्या ऱ्हाऊ देत." तिनं हातातली कांडी खाली ठेवली. "मग दिवसभर काय भिंतीकडं बघत बसू व्हय रं?" एवढं म्हणून तिनं तोंड फिरवलं. ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं. हात बरे झाले नाहीत तर तिची जागा जाणार होती, आणि जागा गेली तर आक्का खचणार होती.

मग मी तिची काळजी घ्यायला कंबर कसली. सकाळी ती डोळे चोळत उठायच्या आत विचारायचो, "खाजतंय काय गं?" कॉलेजातून आलो की पायातल्या चपला न काढता विचारायचो. मलम लावलंस का, दाखव बघू, काल एवढं लाल नव्हतं. कातडीच्या डॉक्टरांकडेही मीच न्यायचो. मलमानं बरं वाटायचं, पुन्हा उसळायचं. डॉक्टर एकदा म्हणाले, "खाज निम्मी कातडीवर असते, निम्मी डोक्यात. औषध नसलेलं नुसतं मलम दिलं तरी कित्येकांची खाज कमी होते." हे वाक्य मला एवढं आवडलं की आठवडाभर मी ते चहाच्या गाड्यावर येईल त्याला ऐकवत होतो. डॉक्टर त्यापुढेही काहीतरी बोलले होते, पण हे कुणाकुणाला सांगायचं या विचारात मी तोवर गुंतलो होतो.

आमची धाकटी बहीण गुंजीला असते. तिचा नवरा रेल्वेत आहे. तिचा फोन आला की शेजारच्या गावात एक म्हातारा इसबावर पुड्या देतो. फक्त रविवारी. पैसे घेत नाही, एक नारळ ठेवायचा. पैसे घेत नाही म्हटल्यावर तर माझा संशय दुणावला. मी म्हटलं चला, याचं पितळ एकदा उघडं पाडूच. आक्काला घेऊन मी गाडीत बसलो.

म्हातारा पडवीत काजू फोडत बसला होता. मी त्याला रोगाचा सगळा इतिहास सांगितला, कुठलं मलम किती दिवस लावलं तेही. त्यानं आक्काच्या पायाकडे जेमतेम पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "ह्यो कोण?"

"भाऊ."

"एकाच घरात ऱ्हातोय?"

"व्हय आप्पा."

"हं," म्हणून त्यानं वर्तमानपत्राच्या कागदात पांढऱ्या भुकटीच्या पुड्या बांधल्या. पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ लावायची. आंबट बंद. "आनि एक. एकवीस दिस घरात कुणी खाजेचं नाव काढायचं न्हाय. इचारायचं न्हाय, बघायचं न्हाय, सांगायचं न्हाय. बोललं की औषध उडतंय." हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणाला. बिलंदर आहे, मी मनात म्हटलं. कुणी विचारायचंच नाही म्हणजे गुण आला नाही हेही कळायचं नाही!

गुंजीच्या फलाटावर आक्कानं एक पुडी सोडली. चिमूटभर भुकटी बोटांत चोळली, हुंगली आणि किंचित हसली. मला वाटलं, भाबडी आहे बिचारी.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्यातली चिमूट परीक्षानळीत घेतली, पाणी घालून उकळली, गार केली आणि आयोडिनचे दोन थेंब सोडले. नळी निळीकाळी झाली. पिष्ट! साड्यांना कडकपणा यायला आम्ही जी खळ देतो, तीच ही भुकटी. आमच्या माळ्यावर हिचं अख्खं पोतं पडलेलं, आणि आम्ही ती आणायला गुंजीपर्यंत गेलो होतो. मला नाचावंसं वाटलं. खिशात आयोडिनची बाटली टाकून मी तडक घरी आलो.

आक्का कांडी मशीनशेजारी चटईवर झोपली होती. दुपारचे चार वाजले होते. दोन्ही हात उताणे, बोटं सैल. बारा वर्षांत तिचे हात असे स्वस्थ मी पाहिले नव्हते. आयोडिनची बाटली खिशातच ठेवून मी बाहेर गेलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. तिच्या खपल्या गळत होत्या, मनगटावरचं फडकं सुटलं होतं, कांड्या पहिल्यासारख्या निघत होत्या. आणि ही नुसती खळ आहे हे मला सांगायचं होतं! रोग तिचा होता, पण जीभ माझी वळवळत होती. आपण बरोबर आहोत आणि ते घरात कुणाला सांगता येत नाही, यासारखी शिक्षा नाही. मी आरशाला सांगितलं, चहावाल्याला दोनदा सांगितलं. त्यानं फक्त साखर ढवळली.

एकोणिसाव्या दिवशी शेजारच्या वहिनी म्हाताऱ्याचा पत्ता विचारायला आल्या. आक्का सांगत होती, "हाताला गुण हाय बघा म्हाताऱ्याच्या." हात म्हणे! माझा संयम सुटला. मी पुडी आणली, ताटलीत ओतली आणि वर आयोडिन टाकलं. भुकटी काळी पडली.

"आगं बया, इख हाय की!" वहिनी ओरडून उठल्या.

"इख न्हाय वहिनी, खळ हाय! आपल्या साडीला देतो ती. एकोणीस दिवस हिनं खळ लावली. औषध न्हायच हे. खाज हिच्या डोक्यात होती!" मी हसलो. जिंकलेला माणूस हसतो तसा, मोठ्यानं.

आक्का शांतपणे म्हणाली, "खळ हाय ते मला फलाटावरच कळलंतं. चाळीस वर्षं बोटं खळीत हायत माझी. तुला बाटली लागली."

"मग लावत कशाला होतीस?"

"तू गप्प बसावास म्हणून. सकाळी डोळा उघडायच्या आत तू इचारायचास. तू इचारलंस की मला आठवायची, आठवली की सुटायची. एकोणीस दिस कुणी इचारलं न्हाय, मलाबी आठवली न्हाय."

बोलता बोलता तिचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. कोवळ्या कातडीवर आधी पांढऱ्या रेघा उमटल्या, मग लाल झाल्या. वहिनी पदर सावरून निघून गेल्या.

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, घरात सारखा तो विषय काढू नका, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की."

मग मी गप्प बसलो. अगदी तोंडाला कुलूप. पण आक्का म्हणायची, "बघू नगो तसं." मी कसं बघत होतो कोण जाणे. आठ दिवसांत मनगटावर पुन्हा फडकं आलं. महिन्याभरानं एका रविवारी तिनं चार लुगडी पिशवीत भरली आणि धाकटीकडे गुंजीला गेली.

आता कॉलेजातून आल्यावर कांड्या मी भरतो. त्या सैल होतात, सूत तुटतं, माग थांबतो. फोनवर धाकटी सांगते की मलम डॉक्टरांचंच चालू आहे, पुड्या नाहीत, आणि आक्काच्या नडगीवर नवी कातडी आली आहे. मला ती बघायची आहे. आक्काशिवाय घर खायला उठतं, हेही खरं. मी येतो, एक शब्द विचारणार नाही, असं मी परवा धाकटीकडून कळवलं. आक्काचा निरोप आला, "त्यो इचारणार न्हाय. पर त्याला इचारायचं हाय हे मला कळतंय. अजून नगो."