फळ्यावरचं पहिलं नाव

विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीतले बाबुरावकाका म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्समुळे धंदा बसला, तरी त्यांचा अक्षराचा माज काही गेला नाही. दर मार्चमध्ये ते सायकलने महाडला निघायचे, चवदार तळ्यावर. वाटेत एखाद्या शाळेचा फळा पांढुरका पडलेला दिसला की उतरायचे आणि फुकट काळा करून द्यायचे. रंगाचा डबा मांडीवर घेऊन कॅरिअरवर भीमाबाई. चढ आला की ती उतरून चालायची आणि नवऱ्याचा उद्धार करायची.

फळा वाळला की खडू तिच्या हातात. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई त्या फळ्यांवरच स्वतःचं नाव लिहायला शिकली. वाकडंतिकडं, पण पहिलं नाव तिचंच. कागदावर मात्र लाजायची, अंगठाच द्यायची.

दिवाळीआधी ती गेली. मग कोलाडच्या पुढच्या एका शाळेतून शिवानीबाईंचा फोन आला. "आजींना सांगा, त्यांचं नाव अजून फळ्यावर आहे. तो कोपरा आम्ही पुसतच नाही." ती गेली, हे काकांच्याने सांगवलं नाही.

"फोटो मागवा ना काका," मी म्हणाले.

"फोटो काय करू? बोट फिरवायचंय त्याच्यावरून."

म्हणून यंदा मीही सायकल काढली. शीळफाट्याच्या त्या ट्रेलरांमध्ये त्यांना एकटं कोण सोडणार? डबा कॅरिअरवर बांधलेला. चढ आला की काका उतरायचे, मागे बघायचे आणि चालायला लागायचे. मला फार राग यायचा. कोणाचा, ते कळायचं नाही.

शाळेत पोचलो तर पोरं फाटकापर्यंत धावत आली. "आजोबा, यंदा तुम्हाला काम नाही! आम्हीच रंगवला!"

फळा काळाभोर होता. कोपऱ्यासकट. शेजारी शिवानीबाई कौतुकाने हसत उभ्या.

माझ्या तोंडात शिवी आली होती. काकांनी माझा हात दाबला. "मस्त रंगवलाय रे. एक डाग नाही," ते म्हणाले.

एका चिमुरडीने खडू पुढे केला. "आजीचं नाव पुसट झालेलं, म्हणून तेपण रंगवलं. आता ती नवीन लिहील ना? मागून येतेय का?"

काकांनी खडू घेतला. 'भीमाबाई' असं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. जन्मभर पाट्या रंगवलेला तो हात. काही केल्या अक्षर वाकडं येईना.

"तिचं असं नव्हतं गं," ते मला म्हणाले, आणि फळ्याला कपाळ टेकून रडले.